रहाटावर शिकलेली इटालियन

मला इटालियन शिकवली ती बोटवाल्या आजोबांनी, हे आधी लिहून ठेवते. बाकी सगळं त्याच्यानंतर. दवाखान्याच्या म्हाताऱ्या सिस्टर वारल्या तेव्हा चर्चात मिस्सा झाल्यावर फादरांनी पुष्कळांचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले, मठाच्या मदरचे मानले, पेटी करणाऱ्या सुताराचेसुद्धा मानले. आजोबा मागं, पुरुषांच्या शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नसेल. मला वाटलं, आणि अजून वाटतं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

ते माझे कोणी लागत नव्हते. मी नगरकडची, ते वसईचे, मिठागरांच्या बाजूच्या एका गावातले. लढाईच्या आधी मुंबईहून इटलीला जाणाऱ्या बोटीवर ते जेवणघरात वाढप्याचं काम करत. लढाई लागली, बोट बंद पडली, ते घरी आले ते कायमचे. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते भाच्याच्या केळीच्या वाडीत रहाटाच्या बैलामागं चालायचे. गावातली माणसं त्यांना 'बोटवाला' म्हणायची, आणि ते म्हणताना थोडं हसायची.

माझी शाळा चौथीत सुटली. आई आणि धाकटा भाऊ पटकीनं एकाच आठवड्यात गेले. बापाला दारू नव्हती, वाईट नव्हता, पण त्याच्याच्यानं मला सांभाळवेना. आमच्या गावात येणाऱ्या मिशनच्या फादरांच्या हाती त्यानं मला दिलं, आणि फादरांनी वसईला सिस्टरांच्या मठात. मठाला लागून दवाखाना होता. तिथं फरशी पुसायची, पट्ट्या उकळायच्या, आजाऱ्यांच्या खाटांवरच्या चादरी झटकायच्या, हे माझं काम. वसईत जिकडंतिकडं हिरवं आणि पाणी. आमच्याकडं विहिरीच्या तळाला जाऊन वाटीनं पाणी भरायचं, आणि इथं ते पाटानं पायाखालून वाहत जायचं. मला ते बघून आनंद नाही झाला. भीती वाटली, की इतकं आहे तर आपल्याला इथं कोण विचारणार.

बोलणंही कळेना. कामाला येणाऱ्या बाया आपसांत त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला मराठी वाटायचीच नाही. मी 'व्हय' म्हटलं की त्या पदर तोंडाला लावायच्या. "घाटीणबाय, व्हय का?" असं मला दिवसभर विचारायच्या.

मला माणसात ठेवलं ते सिस्टरांनी. त्या दवाखाना बघायच्या. इटलीच्या कुठल्याशा डोंगरातून तरुणपणी इकडं आलेल्या, आणि आता म्हाताऱ्या. आल्या दिवशी माझ्या डोक्यात इतके फोड होते की केस पुवानं चिकटून बसले होते. बाया लांब उभ्या राहिल्या. सिस्टरांनी मला दोन गुडघ्यांत धरलं, डोकं भादरलं, एकेक फोड धुतला. म्हणाल्या, "रडायचं तर रड बाय, पण डोकं हलवू नको." हे अगदी इथल्या बायकांच्या हेलात. त्यांना मराठी अशी यायची की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कोणी वाडीवाली म्हातारी सुनेला झापतेय. लढाईत, इटली शत्रूचा देश म्हणून, तिकडच्या बाकीच्या सिस्टरांना इंग्रज सरकारनं कुठंतरी नेऊन ठेवलं. यांना वयामुळं राहू दिलं, पण फाटकाबाहेर जायचं नाही या अटीवर. लढाई संपली तरी गेलेल्यांपैकी कोणी परत आलं नाही. त्यांच्या भाषेचं एकही माणूस मठात उरलं नाही. त्या कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली असतील. एका सकाळी औषधाच्या टेबलाजवळ त्या पडल्या. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, त्यांनी सुया दिल्या. हळूहळू त्या उठून उशीला टेकून बसायला लागल्या. जीभही सुटली. पण सुटली ती त्यांच्या भाषेत. मराठीचा एक शब्द नाही, इंग्रजीचा नाही. जणू कोणी मधली सगळी वर्षं खरवडून काढली होती.

त्या बोलायच्या, आम्ही बघत राहायचो. मग त्या मोठ्यानं बोलायच्या. मग रडायच्या. मग ताट ढकलायच्या. स्वयंपाकघरातली बाई तणतणत यायची, "दोन पाव वाढले मी, एक भिंतीवर फेकला! ही का सिस्टर? हिच्यात काय शिरलंय?" फादर आले, त्यांनी लॅटिनमधून प्रार्थना म्हटली, ती सिस्टरांनी अर्ध्यापासून पुढं बरोबर म्हटली. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना पटलं. पण डॉक्टर म्हणाले, "पाठ असलेलं पोपटही म्हणतो." मुंबईच्या मठात त्यांच्या देशाची एक सिस्टर होती, तिच्याकडे विचारणा केली, तर ती आदल्याच वर्षी वारलेली.

एक दिवस पट्ट्या गुंडाळताना मी डॉक्टरांना मदरशी बोलताना ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. शांतपणे सांगत होते, "हे नुसतं वारं नाही. बुद्धी गेलीय. अन्न फेकणं, मारणं, बडबड. इथं तुमच्या दवाखान्यात बाळंतिणी असतात, तान्ही मुलं असतात. वेड्यांच्या इस्पितळात जागा मिळते का बघतो. मिळाली की कागद घेऊन येईन."

मदर इथल्याच, वसईच्या एका वाडीवाल्या घरातल्या. त्या नुसतं "बघा तुम्ही" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माझ्या हातातली पट्टी सुटून फरशीवर लांबच लांब गेली. वेड्यांचं इस्पितळ मी पाहिलेलं नव्हतं. पण आमच्या गावातल्या एका बाईला तिथं नेलं होतं, बैलगाडीत, हात गाडीच्या दांडीला बांधून, आणि तिची नंतर कोणी चौकशीही केली नव्हती. सिस्टर तिथं पडणार. पाणी मागणार, आणि ते वेडाचं बोलणं म्हणून कोणी ऐकणार नाही. मला त्या वेडी नाहीत हे माहीत होतं. कसं माहीत होतं, ते सांगता येत नव्हतं. चौथीत शाळा सुटलेल्या, फरशी पुसणाऱ्या पोरीनं डॉक्टरांना काय सांगायचं?

स्वयंपाकघरातल्या बाईनंच मला वाट दाखवली, तीही सहज. म्हणाली, "त्या बोटवाल्याला येते की हिची भाषा. पण तो बोलायचा नाही. आमची पोरं मागं लागायची, तर दगड मारायचा."

दुसऱ्या दिवशी मी माणिकपूरला दवाखान्याचा सोडा आणायला गेले आणि तशीच पुढं आजोबांच्या वाडीत. रहाट करकरत होता. बैलाच्या डोळ्यांना झापड. मागं हे, उंच, वाकलेले, उघडे, कमरेला पंचा.

"कोन तू?"

"दवाखान्यातली. मला सिस्टरांची भाषा शिकवा."

ते हसले. "अरे वा! घाटावरची मैना! आधी मराठी तरी नीट बोल." मग बैलाला हाकलत म्हणाले, "ती भाषा मी समुद्रात टाकली, पोरी. सडली असंल आता. जा घरी."

"सिस्टरांना वेड्यांच्या इस्पितळात धाडत्यात."

आजोबा थांबले. बैल आपला एकटाच गोल फिरत राहिला.

"वेडी झालीय ती?"

"न्हाई. बोलती. कुणाला कळत न्हाई."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. पोहऱ्यांतलं पाणी पन्हळीत पडत होतं. मग पाण्याकडेच बघत सांगायला लागले.

"आमच्या गावातला एक होता बोटीवर. भांडी घासायला. मीच लावला होता. तिकडं गेल्यावर ताप चढला त्याला, बंदरातल्या इस्पितळात उतरवला. मला उतरू दिला नाही, जेवनाची वेळ होती. त्याला आमच्या बोलीशिवाय काय येत नव्हतं. पानी पानी म्हनत असंल. त्यांना काय कळनार? म्हनले असतील, डोकं फिरलंय याचं."

"मग?"

"मग काय? बोट सुटली."

ते उठले, बैलाच्या पाठीवर थाप मारली. "उद्या ये. उजाडल्यावर. पाटी-पेन्सिल नको, मला लिहिता येत नाही."

मदरला मी सांगितलं. त्यांनी परवानगी दिली नाही आणि नाही म्हटलंही नाही. "आधी खाटा झटकून जात जा," एवढंच म्हणाल्या.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. ते पुढं, बैल त्यांच्या पुढं, आणि मी मागं, तिघं एकाच गोलात. त्यांना व्याकरण माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की जेवायला बसलेला माणूस काय मागतो. आणि मागतो तेव्हा नुसता जिन्नस म्हणत नाही, त्याच्या आधी 'एक' लावतो. एक पेला. एक चमचा. त्याला मराठीत आपण फार तर बोट वर करतो. त्यांच्यात ते बोललंच पाहिजे.

"बाप्या असंल तर ऊन. ऊन बिक्येरे, एक पेला. बाई असंल तर ऊना. ऊना सेदिया, एक खुर्ची."

"ऊन?" मी म्हटलं. "म्हंजे तापतं ते?"

"तापतं ते तुझ्या नगरला. म्हन, ऊन बिक्येरे."

मला वाटलं होतं, हे जमायचं नाही. पण पेला तो आणि खुर्ची ती, हे तर आपल्या जिभेला जन्मापासूनचं. तेवढं सोपं गेलं. अडचण ही, की त्यांचे बाप्ये आणि बाया सगळ्याच ठिकाणी आपल्यासारखे नाहीत. मेणबत्ती त्यांच्यातही बाई, ऊना कांदेला. खिडकी बाई, ऊना फिनेस्त्रा. पण बशी बाप्या, ऊन प्यात्तो. आणि उशीही बाप्या, ऊन कुशीनो. मी म्हटलं, "उशी बुवा कशी झाली?" तर आजोबा म्हणाले, "रात्रभर बायकांच्या डोक्याखाली राहून झाला असंल. विचारू नको, म्हन."

मग तिसरं आलं. आरशाला ऊन नाही, ऊनो. ऊनो स्पेक्यो. पुसायच्या फडक्याला ऊनो स्त्राच्चो. का, तर शब्दाच्या तोंडाशी 'स' आणि त्याला दुसरं अक्षर जोडून आलं की जिभेला ठेच लागते. लागू नये म्हणून आधी 'ओ'ची पायरी. हे मला फार पटलं. मग शालीला ऊनो शाल्ले आलं. मी विचारलं, "इथं कुठाय ठेच?" आजोबांनी विचार केला. "बोटीवर असंच म्हनायचे," ते म्हणाले. त्यांना जे माहीत नव्हतं ते त्यांनी कधी बनवून सांगितलं नाही.

आणि बाईचा शब्द 'अ', 'ओ' अशानं सुरू झाला की ऊनाचा शेवटचा 'आ' गिळून टाकायचा. सावली म्हणजे ओम्ब्रा. एक सावली, ऊनोम्ब्रा. हे जेवायला कोणी मागत नाही, पण चालता चालता आम्ही जांभळाखाली यायचो तेव्हा त्यांना तो शब्द आठवला. आठवला तेव्हा ते थबकले, आणि म्हणाले, "हा कुठून आला? हा मी कोनाला कधी वाढला नाही."

त्यांची भाचेसून ओट्यावरून ओरडायची, "मामा, बैल उभा आहे! पाणी केळीला जातंय की त्या पोरीला?" ते खाली मान घालायचे आणि बैल हाकायचे. त्या घरात ते कामावर होते, पाहुणे नव्हते, हे मला कळायचं, कारण मीही तशीच होते. माझ्यापायी त्यांना बोलणी बसायची. तरी त्यांनी मला एक दिवसही 'उद्या येऊ नको' म्हटलं नाही.

थोडे शब्द बसल्यावर मी ते सिस्टरांपुढं नेले. दुपारची वेळ, त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. मी म्हटलं, "ऊन बिक्येरे?" आणि पेला पुढं केला.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडं असं बघितलं की मी घाबरले. मग डाव्या हातानं माझं मनगट पकडलं आणि बोलायला लागल्या, भरभर, थांबेचनात. मला त्यातलं काही कळेना. मला फक्त मागायचे शब्द येत होते, उत्तरं ऐकायचे नाही. होय म्हणजे 'सी' आणि नाही म्हणजे 'नो', एवढ्यावर मी त्यांना धरून ठेवलं. ऊना कोपेर्ता? पांघरूण? नो. ऊन कुशीनो? सी. मी उशी आणली. त्यांनी डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. त्या वेड्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण ताट ढकलणं थांबलं नाही. पाव ढकलायच्या, केळी ढकलायच्या, माझ्या हातूनसुद्धा. ते का, हे मला उमगेना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "जेवन आवडत नसंल. बोटीवर पन असायचे असे."

डॉक्टर कागद घेऊन आले तो दिवस मला नको तितका आठवतो. आजोबा मठात यायला तयार नव्हते. "डॉक्टरपुढं मी काय बोलनार? तूच बोल. येतं तुला," एवढं म्हणून त्यांनी माझ्या ओच्यात वाडीतली पिकलेली वेलची केळी घातली. "बानाना. बाई आहे. सोपं आहे. चुकायची नाहीस."

मी मदरना हात जोडून म्हटलं, "कागद व्हायच्या आधी एकदा माझं बघा." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. त्यांना गोखिवऱ्याला एक बाळंतीण बघायची होती. पण ते उभे राहिले.

मी विचारलं, "ऊन बिक्येरे?" सिस्टर म्हणाल्या, "नो." "ऊना फिनेस्त्रा?" असं म्हणत मी खिडकीकडं हात केला, त्या "सी" म्हणाल्या, मी खिडकी उघडली. डॉक्टर पुढं सरकून बघायला लागले. मला धीर आला. मी म्हटलं, "ऊना बानाना?"

"सी. ऊना."

मी केळी पुढं केली.

सिस्टरांनी माझ्या हातातली केळी बघितली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्या हातावर जोरात चापट मारली. केळी उडाली, एक खाटेखाली गेलं. त्या ओरडायला लागल्या, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "बघितलंत? स्वतः हो म्हणाली, आणि आता हे." त्यांनी खिशातून पेन काढलं.

मला वाटलं, मीच त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेऊन पोचवलं. मी वाकून खाटेखालचं केळं काढायला गेले तेव्हा मदर माझ्या मागं उभ्या होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "तू त्यांना काय विचारलंस?"

"केळं पायजे का."

"किती?"

"येक."

"आणि दिलीस किती?"

मी हाताकडं बघितलं. "दोन."

"का गं?"

मी म्हटलं, "मदर, येक कसं द्यायचं?"

खरंच, कसं द्यायचं? आमच्याकडं एक भाकरी कोणाच्या ताटात टाकत नाहीत. माझी आई म्हणायची, एकटं वाढायचं ते मढ्याला. जिवंत माणसाला जोडीनं. आणि इथं वसईतही तेच. वेलची केळं ते केवढं, बोटाएवढं. ते एकटं कोणाच्या हातावर ठेवलं तर तो तोंडावर नाही बोलणार, पण घरी जाऊन सांगेल. स्वयंपाकघरातली बाई पाव दोन वाढायची, अंडी दोन, गरम पाण्यात भिजवलेल्या बिस्किटांचीही जोडी. ही सगळी वर्षं सिस्टरांनी ते दोन-दोन मुकाट घेतलं होतं, अर्धं मुलांना वाटून टाकलं होतं, कारण इथं असंच करतात हे त्या शिकल्या होत्या. मराठी शिकल्या तसंच. आणि मराठी गेली त्याच्यासोबत तेही गेलं. आता एक मागितलं की त्यांना एकच हवं होतं, जसं त्यांच्या आईच्या घरी असेल.

हे इतकं सगळं तेव्हा मला सुचलं नव्हतं. तेव्हा मदर एवढंच म्हणाल्या, "त्यांनी मागितलं एक, हातावर आली दोन. मग त्यांचं काय चुकलं? आपणच रोज त्यांना वेड लावतोय. दे, एक दे."

मी एक केळं सोलून दिलं. सिस्टरांनी ते खाल्लं, हळूहळू, वाकड्या तोंडानं, शेवटपर्यंत. मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि म्हणाल्या, "ऊना." मी दुसरं दिलं. तेही खाल्लं.

डॉक्टर पेन हातात धरून बघत होते. "हट्टी आहे," ते म्हणाले.

"हट्टी तर त्या पहिल्यापासून," मदर म्हणाल्या.

"ती बरी आहे असं मी म्हणत नाही. पुन्हा वारं गेलं तर..." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "राहू दे. इथंच राहू दे तिला." कागद त्यांनी घडी करून परत नेला. तो मी पुन्हा पाहिला नाही.

स्वयंपाकघरात बाईला एकेक वाढायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकेक? जितेपनी?" आणि कपाळावर क्रूस केला. पण वाढलं. त्यानंतर भिंतीवर काही आदळलं नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. थंडी पडायला लागली तेव्हा सिस्टरांच्या अंगावरून दुसऱ्यांदा वारं गेलं. या वेळी डॉक्टरांनी सुयाही दिल्या नाहीत. त्या बोलत होत्या, पण ते बोलणं बदललं होतं. मी "ऊन बिक्येरे?" विचारायची तर त्या माझ्याकडं अनोळख्यासारखं बघायच्या. सी नाही, नो नाही. माझे सगळे शब्द मी एकामागून एक त्यांच्यापुढं ठेवले, फेरीवाला टोपली रिकामी करतो तसे. आरसा, शाल, मेणबत्ती, सावलीसुद्धा. एकही त्यांना नको होता.

मी आजोबांकडं धावत गेले. या वेळी ते आले. भाचेसुनेला न विचारता बैल सोडला, बोटीवरचा पांढरा, बटणांचा कोट घातला आणि आले. खाटेजवळ ताठ उभे राहून त्यांनी काहीतरी विचारलं, फार अदबीनं. सिस्टर बोलल्या. आजोबांनी कान जवळ नेला. पुन्हा विचारलं. मग ते माझ्याकडं वळले.

"मला नाही कळत."

"आसं कसं? तुमाला येतं ना?"

"ही बोटीवरची भाषा नाही, पोरी. ही तिच्या घरची बोली आहे. डोंगरातली. आमची कशी, मुंबईच्या मानसाला कळत नाही, तशी."

मला त्यांचा राग आला. अजून आठवलं की लाज वाटते, पण आला. मी म्हटलं, "मग आता?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले, आणि सिस्टरांशी बोलायला लागले. इटालियन नाही. आपल्या मिठागराच्या गावच्या बोलीत. यंदा मीठ कसं पडलं, भरतीचं पाणी बांध फोडून कसं आलं, कामणच्या रस्त्यावर कोणाची गाडी उलटली. सिस्टर थांबून ऐकायच्या. मग त्या त्यांच्या बोलीत काहीबाही सांगायच्या, आणि आजोबा मान हलवायचे, "असं? मग काय केलंत?" विचारायचे. पुन्हा त्या सांगायच्या. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. दुपार कलेपर्यंत ते चाललं. सिस्टरांचा आवाज चढला नाही, त्यांनी हात उगारला नाही, त्या रडल्या नाहीत.

आजोबा रोज आले. तीन-चार दिवसच यावं लागलं. एका सकाळी, ते यायच्या आधी, मी त्यांचं तोंड पुसत असताना सिस्टर गेल्या. जाताना त्या काहीतरी म्हणाल्या. सगळ्यांनी मला विचारलं, तूच जवळ होतीस, काय म्हणाल्या? फादरांनी तर, देवाचं नाव होतं का, असं विचारलं. होतं म्हणाले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. मला कळलं नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

पुढं मदरनी मला दूर, घाटावर, मिशनच्या एका मोठ्या इस्पितळात आयाच्या कामाला लावून दिलं. हेही नगर नाही आणि वसईही नाही. रोग्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. ज्याचं कोणाला कळत नाही त्याच्या खाटेशी मला बसवतात. मला त्यांची भाषा येते म्हणून नव्हे. मी बसते म्हणून. हे मी कोणाकडून शिकले ते इथं कोणाला माहीत नाही. इटालियन मला आता जवळपास येत नाही.

वसईहून आलेल्या एका सिस्टरनी सांगितलं, आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. बैलामागं चालता येत नाही म्हणून ओट्यावर बसवून ठेवतात. माणूस ओळखत नाहीत, आवाज ओळखतात. हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही. वय झालंय त्यांचं, आणि रजा मागायची तर आमची मेट्रन आधी कपाळाला आठ्या घालते. पण आमच्या इस्पितळात हिवाळ्यात डोळ्यांचे डॉक्टर येतात, आणि कामावरच्या माणसाच्या घरच्यांचं ऑपरेशन फुकट करतात. मी मेट्रनला सांगून ठेवलंय की माझे एक आजोबा आहेत. खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. आजोबा, या हिवाळ्यात नाही जमलं तर पुढच्या. मी स्वतः येईन, तुमचा हात धरून गाडीत बसवीन, आणि पट्टी सुटेपर्यंत तुमच्या खाटेजवळून हलणार नाही. तेवढं थांबा.